मोझरीचा रस्ता आणि पोरसीचे पच्चक्खाण

अमरावती सोडून नागपूरच्या दिशेने निघाले की सुमारे ३५ किलोमीटरवर, तिवसा तालुक्यात, गुरुकुंज मोझरी लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली आणि एका साध्या खेड्याचे नाव वऱ्हाडातील घराघरांत पोहोचले. महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी याच जिल्ह्यातील यावली गावी झाला आणि ११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांनी गुरुकुंजातच देह ठेवला. त्यांची समाधी येथेच आहे. पुण्यतिथीच्या दिवसांत गावोगावचे भाविक खंजिरीच्या तालावर भजने म्हणत येथे जमतात. एरवी हे गाव शांत असते. महामार्गावरची वाहने वेगाने निघून जातात आणि ज्याला थांबायचे असते तोच थांबतो.

हिवाळ्यातील रविवारी थांबणाऱ्यांमध्ये अलीकडे सायकलस्वारही दिसू लागले आहेत. सकाळी अमरावतीहून निघावे, मोझरीला समाधीचे दर्शन घ्यावे आणि दुपारच्या आत घरी परतावे, असा हा ७० किलोमीटरचा फेरा आहे. आठवडाभर गादीवर किंवा गल्ल्यामागे बसून काढणाऱ्या व्यापारी माणसाला तो झेपणारा आहे आणि थोडा परीक्षा पाहणाराही आहे. जैन घरातील सायकलस्वारापुढे मात्र आणखी एक प्रश्न उभा राहतो. आदल्या सायंकाळी सूर्यास्तापूर्वी जेवण झालेले असते, रात्री चौविहार असतो आणि सकाळी पोरसीचे पच्चक्खाण घ्यायचे असते. मग उपाशीपोटी इतके अंतर कापावे काय? शरीराला ते मानवेल काय? आणि मानवले तरी त्या पच्चक्खाणाचा भाव टिकेल काय?

हा प्रश्न आता एकट्या जैन घराचा राहिलेला नाही. ‘इंटरमिटंट फास्टिंग’ हा शब्द दुकानातील गिऱ्हाईकांपासून वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या पुतण्यापर्यंत सर्वांच्या तोंडी आहे. दिवसाच्या २४ तासांपैकी १६ तास काही खायचे नाही आणि उरलेल्या ८ तासांत जेवण आटोपायचे, हा त्याचा सर्वांत प्रचलित प्रकार. घरातील आजीला हे सांगितले तर ती हसते, कारण तिने हे आयुष्यभर कोणत्याही नावाशिवाय केलेले असते. तिचे हसणे सार्थ आहे. तरीही तिचे तप आणि हा नवा प्रकार एकच आहेत, असे मानण्याची घाई करू नये. दोन्हींत साम्य किती आणि भेद कोठे, हे मोझरीच्या रस्त्यावर फार स्पष्टपणे कळते.

साम्य पाहायचे तर डिसेंबरच्या उत्तरार्धातील एक दिवस घ्यावा. त्या वेळी अमरावतीस सूर्यास्त सायंकाळी साधारण ५ वाजून ४२ मिनिटांनी आणि सूर्योदय सकाळी साधारण ६ वाजून ५२ मिनिटांनी होतो. नवकारसी म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटे. ती ७ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास पूर्ण होते. केवळ चौविहार आणि नवकारसी पाळणाऱ्याचेही १४ तास आपोआप होतात. पोरसी म्हणजे दिवसाचा पहिला प्रहर, दिवसमानाचा चौथा भाग. डिसेंबरात दिवस जेमतेम पावणेअकरा तासांचा असतो, म्हणून प्रहर सुमारे २ तास ४२ मिनिटांचा होतो आणि पोरसी साडेनऊच्या थोडी पुढे येते. आदल्या सूर्यास्तापासून मोजले तर हे अंतर जवळजवळ १६ तासांचे भरते. आज ज्याला १६ आणि ८ तासांचा नियम म्हणतात, तो हिवाळ्यातील चौविहार-पोरसीत जसाच्या तसा बसलेला आहे.

पण जून महिन्यात हेच गणित बदलते. सूर्यास्त ७ च्या सुमारास होतो, सूर्योदय ५ वाजून ४० मिनिटांच्या आसपास. प्रहर लांबतो, तरीही पोरसी ९ वाजताच येते आणि उपवासाचा काळ १४ तासांवर उतरतो. वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि शरीर पाण्यासाठी कासावीस होते. नेमक्या त्याच दिवसांत हा नियम सैल होतो आणि थंडीत घट्ट होतो. घड्याळाच्या आकड्याला बांधलेल्या नियमाला ऋतू कळत नाही. सूर्याला बांधलेल्या नियमाला तो कळतो. दिगंबर घरांत सूर्य मावळण्यापूर्वी जो ‘अंथऊ’ आटोपला जातो, त्यालाही हेच लागू आहे. म्हणून मोझरीचा हा फेरा कार्तिकी पौर्णिमेनंतर सुरू करावा आणि होळीच्या आसपास थांबवावा. त्या आधीचा चातुर्मास तर प्रवास कमी करण्याचाच काळ. ओल्या रस्त्यावर किड्या-मुंग्यांचा सुळसुळाट असतो आणि पर्युषणात उपवास, अठाई चालू असताना सायकल घरी भिंतीला टेकलेलीच बरी.

रविवारी सूर्योदयाच्या वेळीच अमरावती सोडावी. हे शहर व्यायामाला नवीन नाही. येथील श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली होती. शहर मागे पडते आणि महामार्ग पूर्व-ईशान्येकडे वळतो. हाच महामार्ग पश्चिमेला अकोल्याकडे जातो. जून २०२२ मध्ये अमरावती आणि अकोला यांच्या दरम्यान ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरल्याची गिनीज विक्रमात नोंद झाली आहे. गुळगुळीत रस्त्याचे सुख सायकलस्वाराला इतरांपेक्षा अधिक कळते. पण त्याच रस्त्यावर अवजड वाहनेही तितक्याच सुखाने धावतात. शिवाय सकाळी सूर्य अगदी समोर असतो. तो जसा सायकलस्वाराच्या डोळ्यांवर येतो, तसा मागून येणाऱ्या चालकाच्याही येतो. म्हणून मागचा लाल दिवा उजाडल्यावरही चालू ठेवावा, अंगात उठून दिसणारे कपडे असावेत आणि पांढऱ्या पट्टीच्या आतून चालावे.

दुतर्फा शेते सुरू होतात. पऱ्हाटीची बोंडे फुटलेली असतात, तुरीला शेंगा धरलेल्या असतात, मधूनच संत्र्याची बाग दिसते. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या कापूस, डाळ आणि किराण्याचा व्यापार केला, त्यांनाही हा माल पोत्यांत आणि गाठींतच अधिक पाहायला मिळतो. सायकलवरून तो जमिनीवर उभा दिसतो आणि पहाटे वेचणीला निघालेल्या बायाही दिसतात. ताशी १८ किलोमीटरच्या चालीने जाणारा माणूस नांदगाव पेठेच्या आसपास पोहोचतो, तेव्हा नवकारसीची ४८ मिनिटे पूर्ण होत आलेली असतात.

येथे पहिला थांबा घ्यायचा आणि येथेच पहिली दक्षताही. आतापर्यंत पोटात पाण्याचा थेंबही गेलेला नाही. हिवाळ्यात सावकाश चालवलेल्या सायकलीवर तेवढा वेळ निभावतो, उन्हाळ्यात निभावत नाही. पोरसीत पाण्याची मोकळीक आहे की नाही, हे घेतलेल्या पच्चक्खाणावर अवलंबून असते. ते आदल्या दिवशीच साधू-साध्वीजींकडून किंवा जाणत्या वडीलधाऱ्यांकडून समजून घ्यावे. मोकळीक असेल तर घरून आणलेले उकाळलेले पाणी येथे थोडे थोडे प्यावे. पाण्यासह सर्व आहाराचा त्याग असेल तर त्या दिवशी सायकल काढूच नये, किंवा पच्चक्खाण पारल्यानंतर काढावी. अन्नाविना शरीर बराच काळ काम करू शकते. घाम गाळत असताना पाण्याविना ते फार काळ चालवणे हा शरीरावरचा अन्याय आहे आणि त्यातून तप वाढत नाही.

अन्नाविना शरीर कसे चालते, हेही समजून घेण्यासारखे आहे. खाल्लेल्या धान्यातील साखर शरीर ‘ग्लायकोजेन’ या रूपात साठवते. साधारण १०० ग्रॅम यकृतात आणि ४०० ग्रॅमच्या आसपास स्नायूंत असा हा साठा असतो. सर्व मिळून सुमारे २००० कॅलरी. रात्रभरच्या उपवासात यकृतातील साठा कमी होत जातो, कारण मेंदूला आणि रक्ताला त्यातूनच साखर पुरवली जाते. स्नायूंतील साठा मात्र रात्री जवळजवळ जसाच्या तसा राहतो. त्याशिवाय चरबीची कोठी असतेच. बारीक अंगाच्या माणसाकडेही ती दहा किलोच्या घरात असते आणि तीत हजारो कॅलरी पडून असतात. अमरावती ते मोझरी या सावकाश प्रवासाला माणसाच्या वजनाप्रमाणे व वाऱ्याप्रमाणे ६०० ते ९०० कॅलरी लागतात. म्हणजे भांडवल अपुरे नाही.

अडचण भांडवलाची नसून उचल करण्याच्या वेगाची आहे, आणि हे व्यापाऱ्याला सहज उमजावे. स्नायूंतील साखर ही गल्ल्यातील रोकड. मागताच हाती येते. चरबी ही मालात गुंतलेली रक्कम. ती आहे, पण सावकाश सुटते. सायकल संथ चालली, शेजारच्या माणसाशी धाप न लागता बोलता येत राहिले, तर शरीर चरबीतून बराचसा खर्च भागवते. वेग वाढवला, चढावर जोर केला, पुढच्याला गाठण्याची ईर्षा धरली, की सगळा खर्च रोकडीतून होऊ लागतो. गल्ला रिकामा झाला की भरल्या कोठाराचा मालकही देणे चुकवू शकत नाही. त्या क्षणी पायांतले बळ एकाएकी जाते, हात थरथरतात, थंड घाम फुटतो, चिडचिड होते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. महामार्गावर असे होणे म्हणजे प्राणावरचे संकट होय.

या बाबतीत प्राचीन वैद्यकाचे मत विचारात घेण्याजोगे आहे. गुरुकुंजात आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि तुकडोजी महाराजांच्या ४१ अध्यायांच्या ग्रामगीतेत ग्राम-आरोग्याला स्वतंत्र अध्याय आहे, म्हणून मोझरीच्या वाटेवर त्याची आठवण अप्रस्तुत ठरू नये. आयुर्वेदाने लंघनाला औषध मानले. पण चरकसंहितेने ज्यांनी व्यायाम वर्ज्य करावा त्यांच्या यादीत भुकेलेला आणि तहानलेला माणूसही घातला आहे. वरवर पाहता हा मोझरीच्या फेऱ्याला थेट नकार वाटतो. मात्र न जेवलेला माणूस आणि भुकेने व्याकूळ झालेला माणूस यांत भेद आहे. ज्याला रोज सूर्यास्तापूर्वी जेवायची सवय आहे, त्याला सकाळी आठ वाजता भुकेचा दाह होत नाही. ज्याने शनिवारच्या रात्री चौविहाराचा नेम प्रथमच घेतला, त्याला होतो. म्हणून आधी काही महिने नेम अंगवळणी पाडावा आणि मगच सायकल त्याला जोडावी. आयुर्वेदाने व्यायामाचे मापही सांगून ठेवले आहे. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा. कपाळावर घाम येऊ लागला आणि श्वास तोंडाने घ्यावा लागू लागला की थांबावे. आजचे वैद्यक ‘बोलता येईल इतक्याच वेगाने’ असे म्हणते. दोन्हींचा अर्थ एकच.

आधुनिक संशोधनही या मर्यादेतच आशादायक आहे. इटलीतील पादुआ येथील अभ्यासकांनी २०२० साली १६ तरुण स्पर्धक सायकलपटूंचा चार आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील काहींनी रोज आठ तासांच्या आतच जेवण घेतले. त्यांचे वजन आणि चरबी थोडी कमी झाली, पण दमसास घटला नाही. अभ्यास लहान होता, मुले तरुण आणि कसलेली होती आणि त्या आठ तासांत ती पोटभर जेवत होती. त्यावरून पन्नाशीच्या व्यापाऱ्याने स्वतःसाठी मोठा निष्कर्ष काढू नये. इतके मात्र म्हणता येते की, जेवणाची वेळ आखडली म्हणून बळ जातेच असे नाही. जेवणच आखडले तर मात्र ते जाते.

नऊच्या सुमारास मोझरी येते. सायकल लावून, हातपाय धुऊन समाधीपाशी बसावे. सकाळी सामुदायिक ध्यान आणि सायंकाळी सामुदायिक प्रार्थना हा गुरुकुंजाचा नित्यक्रम आहे आणि तो कोणत्याही एका पंथाचा नाही. १९४२ च्या आंदोलनात कारावास भोगलेल्या या संताने नंतर गाव स्वच्छ करणे, व्यसन सोडणे, श्रमदान करणे यालाच भक्ती म्हटले. त्यांनी उभ्या केलेल्या श्री गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा आजही खेड्यापाड्यांत आहेत. जवळच दासटेकडी आहे. पोरसी पूर्ण व्हायला अजून अर्धा तास असतो आणि हा अर्धा तास या संपूर्ण फेऱ्याचे सार आहे. डबा पिशवीत असतो, भूक जागी झालेली असते, घाई कसलीच नसते. एरवी दुकानात हातात फोन, समोर गिऱ्हाईक आणि तोंडात घास अशी स्थिती असते. येथे माणूस अन्नाची वाट पाहत शांत बसतो, आणि ज्याची वाट पाहिली त्या अन्नाची किंमत त्याला कळते.

वेळ झाली की मूठ वळून, नवकार म्हणून पच्चक्खाण पारावे. हा दिवस बियासनाचा ठेवणे उत्तम. पहिली बैठक येथे आणि दुसरी सूर्यास्तापूर्वी घरी. डबा घरचाच असावा, म्हणजे कंदमुळाचा प्रश्न उद्भवत नाही. मुगाची उसळ, ज्वारीची भाकरी, थोडे तूप-गूळ, राजगिऱ्याचा लाडू इतके पुरे. डाळीबरोबर कच्चे ताक घेतल्यास द्विदल होते, ते टाळावे. पोट गच्च भरून परतीची ३५ किलोमीटर वाट चालत नाही, म्हणून ऊनोदरी येथे व्रतही आहे आणि व्यवहारही. एकासन करणाऱ्याने मात्र अधिक विचार करावा. दिवसातील एकाच बैठकीत स्नायूंच्या झिजेची भरपाई होईल इतके डाळी-कडधान्य खाणे सोपे नाही. महिन्यातून एखादा रविवार तसा जाऊ शकतो. रोज दूरवर सायकल चालवणाऱ्याने तो नेम केल्यास चरबीबरोबर स्नायूही गमवावे लागतात. आयंबिलाच्या दिवशी दूध, दही, तूप, तेल, गोड सारेच वर्ज्य असते; त्या दिवशी लांबचा पल्ला नकोच. पूर्ण उपवासाच्या दिवशी तर यकृतातील साठा संपत आलेला असतो, म्हणून तेव्हा पायी देरासरापर्यंत जाणे हाच पुरेसा व्यायाम होय.

जेवण झाल्यावर मोह होतो. रस्ता चांगला आहे, ऊन कोवळे आहे, तिवसा जवळच आहे. पुढे कौंडण्यपूरही फार दूर नाही. सोबतचा कोणी म्हणतो, आज शंभर पूर्ण करू. येथे श्रावकाच्या बारा व्रतांतील दोन व्रते मदतीला येतात. दिग्व्रतात जन्मभरासाठी दिशांची मर्यादा घातली जाते आणि देशावकाशिकात ती एका दिवसापुरती आणखी आखडली जाते. घरून निघतानाच ‘आज मोझरीच्या पुढे जाणार नाही’ असा नियम घेतला असेल तर मोह तेथेच संपतो. अपघात आणि आजार बहुधा ठरवलेल्या अंतरात होत नाहीत. ते वाढवलेल्या अंतरात होतात. बाजारातही ऐपतीबाहेर वाढवलेल्या सौद्यानेच पेढ्या बुडाल्या आहेत.

काही तरुणांना यापुढे जायचे असते. दीर्घ पल्ल्याच्या सायकलप्रवासाची एक जागतिक पद्धत आहे. तीत २०० किलोमीटर साडेतेरा तासांत आणि ३०० किलोमीटर २० तासांत पूर्ण करायचे असतात. चौविहार पाळणाऱ्याने २०० किलोमीटरचा विचार करताना हिवाळ्याचा छोटा दिवस ध्यानात घ्यावा. ५ वाजून ४२ मिनिटांनंतर त्याला पाणीही घेता येणार नाही. ३०० किलोमीटरमध्ये तर रात्र येतेच. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने १२ दिवसांच्या आत पूर्ण केली. विदर्भाला त्याचा अभिमान आहे. पण अशा शर्यती रात्रंदिवस ठरावीक अंतराने खात-पीतच पार पडतात. तेथे उपवासाला जागा नाही, आणि कोणी ती निर्माण करण्याचा प्रयत्न करू नये. ज्याला ३०० किलोमीटर जायचे आहे आणि चौविहारही सोडायचा नाही, त्याने एक अंतर दोन दिवसांत वाटून घ्यावे. प्रमाणपत्र मिळणार नाही; नेम राहील आणि शरीरही राहील.

एवढी काळजी घेऊनही एखाद्या सकाळी शरीर साथ देत नाही. आदल्या रात्री झोप झालेली नसते, सर्दी अंगात मुरलेली असते, किंवा वारा समोरून येत असतो. हिवाळ्यात या बाजूला वारा बहुधा पूर्वेकडूनच असतो, म्हणजे जाताना समोर आणि येताना पाठीशी. मोझरी पाच किलोमीटर उरलेली असताना हात थरथरू लागले, तर काय करावे? ‘पच्चक्खाण मोडेल’ या भीतीने पुढे रेटणारे असतात आणि घरच्यांना कळू नये म्हणून लपवणारेही असतात. त्यांनी पच्चक्खाणाच्या पाठाकडेच वळावे. त्या पाठात आगार आहेत. नकळत घडले, अकस्मात घडले, थोरांची आज्ञा झाली, आणि समाधी ढळण्याची वेळ आली, अशा प्रसंगांसाठी सवलत पाठातच घालून ठेवलेली आहे. असह्य पीडेने चित्ताची समाधी सुटू लागली तर औषध-आहार घेता येतो, हे नेम देणाऱ्यांनीच आधी सांगितले. त्यामुळे खिशात गुळाचा खडा आणि खडीसाखर ठेवणे हा अविश्वास नव्हे. सायकल रस्त्याच्या कडेला न्यावी, बसावे, गूळ खावा, पाणी प्यावे, बरे वाटेपर्यंत उठू नये आणि परत वाहनाने यावे. नंतर गुरुमहाराजांपाशी आलोचना करावी. लपवून ठेवलेल्या अभिमानापेक्षा सांगितलेली उणीव आत्म्याला हलकी करते.

काहींनी तर हा मार्ग वैद्यांच्या सल्ल्याशिवाय धरूच नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे, रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधे चालू असलेले, गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या माता, वाढत्या वयाची मुले आणि ज्यांचे वजन आधीच कमी आहे ते. व्यापारी घरांत बैठ्या कामामुळे मधुमेह पुष्कळ आहे आणि सायकल त्यावर चांगला उपायही आहे. पण गोळी घेऊन उपाशीपोटी सायकल चालवणे म्हणजे रक्तातील साखर दोन्ही बाजूंनी खाली ओढणे होय. अशांनी सकाळी खाऊन सायकल चालवावी आणि तपासाठी दुसरा दिवस निवडावा.

या रस्त्यावर कधी कधी पहाटे श्वेत वस्त्रांतील साध्वीजींचा विहार दिसतो. सोबत सेवेतील तरुण पुढे-मागे चालत असतात. मर्यादित आहार आणि दूरचा प्रवास यांची सांगड कोणी घातली, याचे खरे उत्तर हेच. सूर्योदयानंतर चालणे, सूर्यास्तापूर्वी आहार-पाणी संपवणे, वाहन न वापरणे, आणि असे वर्षातील आठ महिने, आयुष्यभर. दिगंबर मुनी तर दिवसातून एकदाच, उभ्याने, ओंजळीत आहार आणि पाणी घेतात. आचार्य श्री विद्यासागरजी महाराजांचा २०२२ चा चातुर्मास वऱ्हाडातच, वाशिम जिल्ह्यातील शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या सान्निध्यात झाला आणि २०२३ चा छत्तीसगडमधील डोंगरगड येथे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या देहाने हे अंतर एकभुक्त राहून पायी कापले. त्यांनी किलोमीटर मोजले नाहीत आणि वजनही मोजले नाही.

भेद आहे तो येथे. सहा बाह्य तपांत अनशन आहे, ऊनोदरी आहे, कायक्लेशही आहे. पण त्यांचा हेतू कर्मनिर्जरा. चरबी उतरणे ही त्यांतील आनुषंगिक गोष्ट आहे. फोनवर अंतराचा आकडा आणि उपवासाच्या तासांचा आकडा एकत्र टाकून वाहवा मिळवली, तर शरीराला लाभ होईलही. तपाचा लाभ तेथेच खर्ची पडतो. साधू-साध्वी ईर्यासमितीने पुढची चार हात जमीन पाहत पाऊल टाकतात. सायकलस्वार श्रावक आहे, त्याच्याकडून तितकी अपेक्षा नाही. पण सावकाश चालणाऱ्याला रस्ता ओलांडणारी गोगलगाय दिसते आणि तो चाक वळवू शकतो. धापा टाकत जाणाऱ्याला पुढची गाडीही नीट दिसत नाही. जो वेग शरीराच्या साठ्याला मानवतो, तोच जीवदयेलाही मानवतो.

साडेदहाच्या सुमारास परतीची वाट धरावी. वारा पाठीशी असतो, आणि नांदगाव पेठ केव्हा येते ते कळत नाही. दुपारी साडेबारापर्यंत माणूस घरी पोहोचलेला असतो. अंगाला थकवा असतो, पण ग्लानी नसते. हीच त्या दिवसाचे गणित जमल्याची खूण. सायंकाळी पाचच्या सुमारास घरची मंडळी एकत्र जेवायला बसतात, पाणी घेतले जाते आणि सूर्य मावळण्यापूर्वी चौविहाराचे पच्चक्खाण होते. पुढचा सूर्योदय सोमवारचा. त्या दिवशी सायकल जागेवर राहते, दुकान वेळेवर उघडते आणि नवकारसी मात्र रोजच्याप्रमाणे पाळली जाते.